आधी ऐका

अभ्यासक्रम हा काही वाङ्मयप्रकार नाही, हे मान्य. तो पाठ करायचा, उत्तरपत्रिकेत उतरवायचा आणि निकाल लागला की विसरायचा, अशीच आपली रीत. तरीही मला एका अभ्यासक्रमाचे रसग्रहण करायचे आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखा, जिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात, ती हौशी रेडिओ चालकांची म्हणजे हॅम मंडळींची परीक्षा घेते. त्या परीक्षेची पहिली पायरी ‘रिस्ट्रिक्टेड ग्रेड’. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की तिला बसता येते. पदवीची अट नाही. अभ्यासक्रम मोजक्या पानांचा आहे. पण अनोळखी माणसाशी कसे बोलावे, आणि बोलण्याआधी कसे ऐकावे, याचा इतका नेटका विचार मला आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडला.

मी हे अर्धापुरात बसून लिहितो आहे. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे हे गाव अर्धापुरी केळीसाठी ओळखले जाते, आणि शिवारात हळद शिजायला लागली की तिचा वास घराघरांत शिरतो. इथल्या अकरावीतल्या एका मुलाने हॅम व्हायचे मनावर घेतले आणि तो प्रश्नसंच घेऊन माझ्याकडे आला. त्याचा बेत सरळ होता. पहिला भाग रेडिओच्या शास्त्राचा, तो नीट करायचा. दुसरा भाग नियमांचा, तो शेवटच्या रात्री घोकायचा. बहुतेक उमेदवार हेच करतात. मी त्याला म्हटले, बाबा, उलटे कर. दुसऱ्या भागापासून सुरुवात कर, रस तिथे आहे.

परीक्षेची घडणही हेच सुचवते. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. ओहमचा नियम कोळून प्यायलेला उमेदवार नियमांच्या भागात कमी पडला तर नापास होतो. यंत्र कळणे आणि यंत्रासमोर कसे वागावे ते कळणे, यांतली एक बाजू दुसरीच्या बदल्यात चालवून घेतलेली नाही.

नियमांच्या मुळाशी एक व्याख्या आहे. ती आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची. हौशी सेवा कशासाठी, तर तीन कामांसाठी: स्वतः शिकण्यासाठी, आपसांत बोलण्यासाठी आणि तांत्रिक शोध घेण्यासाठी. हा क्रम पाहण्यासारखा आहे. रेडिओ म्हटले की आपल्याला पहिल्यांदा बोलणे आठवते. व्याख्येने ते मधे ठेवले आणि त्याच्या दोन्ही अंगांना अभ्यास उभा केला. पुढे जोडलेली अट त्याहून मोलाची. हे सारे स्वतःच्या ओढीने करायचे, पैशाच्या लाभाशिवाय. केळीचा भाव काय निघाला, हे व्यापाऱ्याला या यंत्रावरून विचारता येत नाही. जाहिरात करता येत नाही, गाणी लावता येत नाहीत. गुप्त संकेतात बोलणे तर मुळीच चालत नाही. जे बोलायचे ते उघड भाषेत, जगातला कुणीही ऐकत असेल हे धरून.

जुन्या आंतरराष्ट्रीय नियमांत आणखी एक विलक्षण अट होती. २००३ साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत हे कलम नव्याने लिहिले गेले, पण हॅम मंडळींच्या वळणात ती अट अजून जिवंत आहे. हौशी केंद्रावरून बोलायच्या खासगी गोष्टी इतक्या किरकोळ असाव्यात की त्यांच्यासाठी तार किंवा टेलिफोन करणे रास्त ठरू नये, असे ते कलम सांगत असे. त्यामागचे कारण व्यवहारी होते: तार-टेलिफोनच्या उत्पन्नाला धक्का लागू नये. पण त्यातून जे उगवले ते कुणी योजले नसेल. कायद्यानेच माणसांना हवापाणी, तारेची लांबी, आवाज कसा येतो आहे, एवढ्याच विषयांवर आणून बसवले. म्हणून तर शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकेतली आणि सोव्हिएत संघातली हौशी माणसे एकमेकांना आपल्याकडचे तापमान आणि आपली अँटेना सांगत राहिली. राजकारण आणि धर्म हॅम मंडळी आजही हवेवर आणत नाहीत. मोठ्या विषयांवाचून माणसांची ओळख किती दूर जाऊ शकते, हे मला या कलमातून पहिल्यांदा उमगले.

मग येते नाव. प्रत्येक केंद्राला एक कॉलसाइन मिळते. आयटीयूने भारताला ज्या अक्षरमालिका दिल्या, त्यांतली एक व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड. तिच्यातले व्हीटी विमानांना गेले. नांदेडच्या विमानतळावर उतरणाऱ्या भारतीय विमानाच्या अंगावर ही दोन अक्षरे वाचता येतात. व्हीयू हौशी केंद्रांच्या वाट्याला आले. त्यापुढे आकडा: जनरल ग्रेडला २, रिस्ट्रिक्टेडला ३, अंदमान-निकोबारला ४, लक्षद्वीपला ७. आकड्यानंतरची अक्षरे फक्त तुमची, जगात दुसऱ्या कुणाची नाहीत. आपल्याकडे आडनाव ऐकले की माणसाचे गाव-घराणे-जात यांचा हिशेब मनात सुरू होतो. कॉलसाइनमध्ये त्याला जागाच नाही. राजीव गांधी हवेवर व्हीयू२आरजी होते. तिथे पंतप्रधानालाही आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि अकरावीतल्या मुलालाही तेवढेच.

कॉलसाइन उच्चारायची रीत म्हणजे या अभ्यासक्रमातले माझे सर्वांत आवडते पान. व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री असे सुरू व्हायचे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी उमेदवार पाढ्यांसारखी म्हणून टाकतात. ती सावकाश वाचली तर तिच्यातली मेहनत दिसते. आजच्या रूपात ती १ मार्च १९५६ पासून लागू आहे. त्याआधीच्या यादीत सी अक्षराला कोका, एमला मेट्रो, एनला नेक्टर, यूला युनियन आणि एक्सला एक्स्ट्रा असे शब्द होते. हे पाचही काढून टाकावे लागले. खरखरीतून एक वैमानिक नेक्टर म्हणे आणि पलीकडे व्हिक्टर ऐकू जाई. अशी चूक विमानाच्या बाबतीत जिवावर बेतणारी. म्हणून नेक्टरच्या जागी नोव्हेंबर आला, युनियनच्या जागी युनिफॉर्म. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या जिभेवर आणि कानांवर यादी पारखली गेली होती. मराठी कान त्या पारखणीत नव्हते, तरी त्यातला एकही शब्द आपल्याला अडत नाही.

शब्द निवडताना इथे फक्त नाद पाहिला गेला. अर्थ काय निघतो याची कुणी पर्वा केली नसावी, आणि तरी केवढी दुनिया त्या सव्वीस शब्दांत येऊन बसली! पेरूची राजधानी लिमा आहे, कॅनडातला क्युबेक प्रांत आहे. फॉक्सट्रॉट आणि टँगो हे दोन नाच आहेत. शेक्सपिअरचे रोमिओ-ज्युलिएट आहेत, आणि नवव्या अक्षराला इंडिया आहे. आता आपल्या गावाचे नाव हवेवर पाठवून पाहा: अल्फा, रोमिओ, डेल्टा, हॉटेल, अल्फा, पापा, युनिफॉर्म, रोमिओ. पलीकडच्या जपानी माणसाने अर्धापूर हे नाव जन्मात ऐकलेले नसेल, पण त्याची पेन्सिल एकाही अक्षरावर अडखळणार नाही. त्या मुलाने हे मोठ्याने म्हटले, मग मुदखेड म्हटले, मग भोकर, मग तामसा. पाठांतर करायची गरज त्याला पुढे पडली नाही.

आकड्यांच्या उच्चारातही हीच काळजी आहे. फाइव्ह आणि नाइन कानाला जवळचे, म्हणून एकाला फाइफ आणि दुसऱ्याला नायनर म्हणायची पद्धत पडली. पलीकडच्या माणसाला ऐकायला त्रास होईल हे आधीच ओळखून बोलणाऱ्याने आपला उच्चार बदलायचा, हे या साऱ्या यादीचे सूत्र आहे.

क्यू संकेतांचे पान याहून आटोपशीर. १९०९ च्या सुमारास ब्रिटनने आपली जहाजे आणि किनाऱ्यावरची केंद्रे यांच्यासाठी हे संकेत तयार केले. १९१२ च्या लंडन परिषदेने ते जगासाठी घेतले, टायटॅनिक बुडाले त्याच वर्षी. तीन अक्षरांचा एक संकेत, पहिले अक्षर नेहमी क्यू. त्यापुढे प्रश्नचिन्ह असले की तो प्रश्न, नसले की उत्तर. क्यूटीएच आणि प्रश्नचिन्ह: तुमचे ठिकाण कोणते? क्यूटीएच अर्धापूर: माझे ठिकाण अर्धापूर. एकमेकांची भाषा ठाऊक नसलेली दोन माणसे एवढ्यावर अर्धा तास बोलू शकतात.

या यादीतली एक जोडी मला फार सुंदर वाटते. क्यूआरएम आणि क्यूआरएन. दोन्ही अडथळे, पण पहिला माणसाने केलेला आणि दुसरा निसर्गाने. मृगाच्या आधीच्या संध्याकाळी ढग दाटून येतात आणि मध्यम लहरींवर आकाशवाणी परभणी ऐकताना मधेच कडकड होते, ती क्यूआरएन. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू होताना, किंवा स्वस्तातला एलईडी दिवा लावल्याबरोबर रेडिओत जी गुरगुर घुसते, ती क्यूआरएम. ऐकणाऱ्याला दोन्हींचा त्रास सारखाच. मग दोन वेगळे संकेत कशाला? कारण पुढचे वागणे वेगळे आहे. माणसाने केलेल्या अडथळ्यासाठी त्या माणसाशी बोलता येते, जागा बदलता येते. विजेपुढे यंत्र बंद करून, अँटेनाची तार काढून गप्प बसायचे असते. हा फरक कानाने ओळखायला शिकणे ही परीक्षेची खरी तयारी, आणि तिला पुस्तक लागत नाही.

क्यूआरएस म्हणजे सावकाश पाठवा. नवशिक्याने हा संकेत दिला की समोरचा कितीही तरबेज असो, त्याने वेग कमी करायचा, असा शिरस्ता आहे. क्यूआरयू म्हणजे तुमच्यासाठी माझ्याकडे काही नाही. बोलण्यासारखे नसेल तर तसे सांगून मोकळे व्हायची ही सोय आपल्या टेलिफोनवरच्या संभाषणातही हवी होती. क्यूआरएल आणि प्रश्नचिन्ह: आपण कामात आहात का? नव्या वारंवारितेवर आल्यावर पहिले काही क्षण नुसते ऐकायचे, मग हा प्रश्न टाकायचा, पुन्हा ऐकायचे, आणि कुणीच हरकत घेतली नाही तरच सीक्यू म्हणजे सर्वांना हाक द्यायची. तोंड उघडण्याआधी दोनदा कान उघडायचे, असा हा क्रम आहे. यादीच्या तळाशी क्यूयूएम येतो. संकटाचा संदेश चालू असताना त्या वारंवारितेवर बाकी सर्वांनी गप्प राहायचे असते. ते काम आटोपले की क्यूयूएम येतो, नेहमीचे काम सुरू करायला आता हरकत नाही. गप्प कधी राहावे आणि पुन्हा बोलायला कधी लागावे, दोन्हींसाठी नियम करून ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला आदर वाटतो.

ऐकू कसे येते आहे ते सांगण्यासाठीही आकडे आहेत. स्पष्टता १ ते ५, ताकद १ ते ९, आणि मोर्स असेल तर सुराचा दर्जा १ ते ९. हा अहवाल म्हणजे समोरच्याच्या श्रमांवर दिलेला खरा शेरा. त्याची अँटेना, त्याचा संच, वरचे आकाश, हे सगळे त्या आकड्यांत त्याला कळते. स्पर्धांत मात्र सरसकट सगळ्यांना फाइव्ह-नाइन देऊन टाकतात आणि लगेच कॉलसाइन पुन्हा सांगा म्हणतात. मला हे खटकते. पूर्ण गुण देऊन पुन्हा विचारावे लागते, तर त्या गुणांना अर्थ काय राहिला? नवशिक्याने तरी जे ऐकू आले तेच सांगावे. थ्री-फाइव्ह ऐकू आले तर थ्री-फाइव्ह.

लॉगबुकाबद्दल थोडेच. तारीख, वेळ, वारंवारिता, समोरची कॉलसाइन, दिलेला आणि घेतलेला अहवाल, एवढ्या नोंदी. वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. अर्धापुरात रात्रीचे नऊ वाजले की वहीत १५:३० पडते. चार दिवसांत हे अंगवळणी पडते.

पहिल्या भागावरून मी भरभर जाणार आहे. ओहमचा नियम, संधारित्रे एकसर आणि समांतर जोडणे, ट्रान्सफॉर्मर, डायोड, अनुस्पंदन, यांतले बरेचसे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. सुपरहेटरोडाइन रिसीव्हरची चौकटींची आकृती काढता यायला हवी आणि ती दोन संध्याकाळींत येते. दोन ठिकाणी मात्र थांबलेच पाहिजे.

पहिले ठिकाण लहरींच्या प्रवासाचे. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरपासून पुढे सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेले थर आहेत. त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा एडवर्ड ॲपलटनने १९२४ साली इंग्लंडमध्ये मिळवला आणि त्या कामासाठी त्याला १९४७ चे नोबेल मिळाले. सर्वांत खालचा डी थर दिवसा कमी वारंवारितेच्या लहरी गिळतो आणि सूर्य मावळला की विरून जातो. दिवसभर गप्प असलेली दूरची केंद्रे मध्यम लहरींवर रात्री का लागतात, याचे उत्तर एवढेच. आपल्या आजोबांच्या पिढीने हे अनुभवाने जाणले होते, त्यांना फक्त कारण कुणी सांगितले नव्हते. त्याहून नवल स्किप अंतराचे. लहर वर जाऊन परत जमिनीवर उतरते ती बरीच दूर. मधला पट्टा कोरडा राहतो. २० मीटरच्या पट्ट्यावर बोलणाऱ्या अर्धापूरकराचा आवाज युरोपात पोचेल आणि लातूरला त्याची चाहूलही लागणार नाही. हे चित्र मनात नीट उमटले की पुढच्या चार प्रश्नांची उत्तरे पाठ करावी लागत नाहीत.

दुसरे ठिकाण अँटेनाचे. इथे वही मिटून टेप आणि तार हातात घ्यावी. रेडिओ लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते, म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की मीटरमध्ये लांबी मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ४२ मीटर आणि वर थोडे. अर्ध्या लांबीची डायपोल करायची तर २१ मीटर. पण तारेच्या टोकांच्या परिणामामुळे सुमारे ५ टक्के कमी धरावे लागतात, म्हणजे २० मीटर, दोन्ही बाजूंना दहा-दहा. त्या मुलाने साधी तांब्याची तार घेतली. टोकांना विद्युतरोधक म्हणून शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळीचे वीतभर तुकडे कापून बांधले. मध्यभागी प्लास्टिकच्या पट्टीवर दोन्ही तारा कसून तिथे आरजी-५८ केबल डाग देऊन जोडली: आतली तार एका बाजूला, बाहेरची जाळी दुसऱ्या बाजूला. एक टोक गच्चीवरच्या लोखंडी पाइपाला, दुसरे लिंबाच्या फांदीला, मधे विजेची तार कुठेही नाही याची खात्री करून. परवाना हाती येईपर्यंत केबलच्या खालच्या टोकाला फक्त रिसीव्हर. संध्याकाळी त्याने ७ मेगाहर्ट्झवर हळूहळू डायल फिरवली तेव्हा आधी नुसती सरसर आली, मग एक माणूस दुसऱ्याला तमिळ वळणाच्या इंग्रजीत आपल्याकडच्या पावसाची हकीकत सांगताना सापडला. त्या मुलाने वहीत वेळ लिहिली, वारंवारिता लिहिली आणि अहवालाच्या रकान्यात बराच विचार करून फोर-सिक्स लिहिले.

अशी तार सात-आठ मीटर उंचीवर बांधली की तिची बरीचशी शक्ती सरळ वर जाते आणि वरच्या थरावरून परतून चहूकडच्या तीन-चारशे किलोमीटरांत उतरते. महाराष्ट्रात बोलायला हेच हवे असते, तेव्हा उंच मनोरा नाही म्हणून कुणी हिरमुसू नये. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला शक्ती ५० वॅटपर्यंत मिळते, जुन्या पिवळ्या बल्बापेक्षाही कमी, आणि ती पुरते. मोकळ्या अवकाशात डायपोलच्या मध्यावरचा अवरोध ७३ ओहम भरतो. हॅम माणसे निरोप घेताना शुभेच्छा म्हणून ७३ म्हणतात; तो आकडा मात्र तारायंत्रवाल्यांच्या काळातून आला आहे. दोन्हींचा संबंध काही नाही, पण अवरोधाचा प्रश्न आल्यावर उत्तर आठवायला या योगायोगाचा उपयोग होतो.

लांबीचे हे गणित हातात आले की १९४२ च्या मुंबईकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ आपली जागा ४२.३४ मीटर अशी सांगत असे. ३०० ला ४२.३४ ने भागा. ७.०८५ मेगाहर्ट्झ. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ या आजच्या हौशी पट्ट्याच्या ऐन आत. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी मंडळींना आपले प्रक्षेपक जमा करायला लावले होते. त्या शांत झालेल्या हवेत ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडेपर्यंत हे केंद्र जागा बदलत बोलत राहिले. पकडले गेल्यावर उषाबेन तुरुंगात गेल्या. त्याच पट्ट्यावर आज १२ वर्षांच्या मुलीला सरकार परीक्षा घेऊन स्वतः जागा देते. अभ्यासक्रमात हा इतिहास नाही. तो असायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

नियमांचा भाग प्रत्यक्षात कसा उतरतो हे पाहायचे तर डिसेंबर २००४ कडे जावे. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद काही सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हौशी प्रक्षेपणाला कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि व्हीयू४आरबीआय ही कॉलसाइन ऐकायला जगभरची हौशी माणसे टपून बसली होती. देवाणघेवाण अगदी त्रोटक: कॉलसाइन, अहवाल, पुढचा. २६ तारखेला सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, फोन बंद पडले. त्याच संचावरून, त्याच अँटेनावरून त्यांनी मुख्य भूमीशी संपर्क धरला आणि पुढचे कित्येक दिवस माणसांची खुशाली कळवण्याचे काम केले. कमीत कमी शब्द, अक्षर अक्षर सांगितलेले नाव, संकटाच्या संदेशासाठी बाकीच्यांनी सोडलेली जागा: सुट्टीतल्या छंदासाठी शिकलेले सारे काही तिथे जसेच्या तसे उपयोगी पडले. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपातही हौशी मंडळींनी हेच केले होते.

आपल्या भागाला याचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट लातूर-धाराशिवच्या घराघरांत आठवणीत आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोली-नांदेडच्या पट्ट्याला साडेचारच्या आसपासच्या तीव्रतेचे धक्के बसले; माणसे घराबाहेर आली आणि सगळ्यांनी एकाच वेळी मोबाइल हातात घेतले. असा एकाच वेळी पडलेला भार टॉवरला पेलत नाही. एका लिंबाला बांधलेली २० मीटर तार आणि एक बॅटरी यांना टॉवर लागत नाही.

या रचनेत मला एक उणीव दिसते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही. मिनिटाला आठ शब्दांची मोर्सची चाचणी जनरल ग्रेडसाठी ठेवली आहे. २००३ च्या परिषदेने मोर्सची सक्ती प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडली, आणि आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तेव्हा नवशिक्यावर पूर्ण मोर्स लादू नये, हे मला पटते. पण आवाज बुडून जातो अशा खरखरीतून अरुंद पट्ट्यातला मोर्सचा सूर बाहेर येतो, हे शास्त्र पहिल्या भागात शिकवायचे आणि कानाला त्याची ओळखही करून द्यायची नाही, हे अर्धवट वाटते. निदान स्वतःची कॉलसाइन मोर्समध्ये पाठवता आणि ओळखता यावी, एवढी अट पहिल्या पायरीवरही ठेवावी.

दुसरी अडचण भाषेची. अभ्यासाचे साहित्य बहुतेक सारे इंग्रजीत आहे. अर्धापूर, हदगाव, उदगीर, औसा इथल्या मराठी शाळांतल्या मुलांना संकल्पना अवघड जात नाहीत. त्यांना अडवते ते प्रश्नांचे इंग्रजी. नांदेडमध्ये श्री गुरू गोविंद सिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर एका सुट्टीत या अभ्यासक्रमाची नेटकी मराठी पुस्तिका होईल. इंग्रजी संज्ञा तशाच ठेवाव्यात, स्पष्टीकरण मराठीत द्यावे, उदाहरणे इथली घ्यावीत. परीक्षेचा अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. आपल्याला केंद्रे दोन सोयीची: नागपूर आणि हैदराबाद. हैदराबाद धरले तर नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस सिकंदराबादला नेते. ज्या शिक्षकांच्या वर्गात रेडिओ उघडून पाहणारे एखादे लेकरू असेल, त्यांनी त्याला या परीक्षेचे नाव जरूर सांगावे.